कवड्यांचा पट, चौघांचा डाव

दिवाळीचा पाडवा म्हणजे पंचांगातली द्यूतप्रतिपदा. शिव-पार्वतीच्या सारीपाटाची कथा या दिवसाशी जोडलेली आहे आणि वेरूळच्या 29 क्रमांकाच्या लेण्यात तो डाव दगडात कोरलेलाही आहे. छत्तीसगडात याच सणात गौरा-गौरीचे, म्हणजे शिव-पार्वतीचेच, लग्न लावतात. त्यामुळे भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात रुजलेल्या रायपूरच्या मराठी घरांना पाडव्याचा पट दोन्हीकडून आपला वाटावा. आज मात्र त्या जागी लुडो आला आहे. 19व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पचीसीवरूनच, म्हणजे अशाच पटावर कवड्यांनी खेळायच्या खेळावरूनच, तो बेतला गेला. पण सोपा करताना खेळाचा गाभाच गळाला, असे माझे ठाम मत आहे.

लुडोत एक फासा, सहा अंक आणि प्रत्येकाची शक्यता सारखी. सोंगटी बाहेर काढायला सहाच हवेत, म्हणून पहिल्या तीन खेपांत एकही सहा न पडण्याची शक्यता सुमारे 58 टक्के! घरातले लहान मूल तोवर नुसते बघत बसते. पचीसीत सहा कवड्या टाकतात आणि उताण्या किती पडल्या ते मोजतात. कवडी दोन्ही बाजूंना सारखीच पडते असे धरले, तर एकूण 64 शक्यतांपैकी दोन, तीन आणि चार या दानांच्या वाट्याला 50 येतात. सगळ्या पालथ्या पडल्या की पंचवीस, पण ते 64 त एकदाच. म्हणजे पुढची चाल बऱ्याच अंशी अंदाजाने आखता येते आणि मोठ्या दानाचा थरारही उरतो. शिवाय एका प्रचलित नियमाप्रमाणे पहिली सोंगटी कोणत्याही दानावर निघते. नको असेल तर दान सोडून फुलीच्या सुरक्षित घरात थांबताही येते. समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात आणि दोघांच्याही सोंगट्या पिकल्याशिवाय जिंकता येत नाही. स्वतःची सोंगटी पिकण्याच्या बेतात असताना ती मुद्दाम पुन्हा फेऱ्यावर नेऊन भिडूच्या वाटेतली विरोधी सोंगटी मारणे, ही या खेळातली सर्वांत देखणी चाल. आजी आणि नातू एका बाजूला बसले तर चुरस राहते, पण हरण्याचे ओझे एकट्यावर पडत नाही.

कवड्या सारख्या नसतात, मग हे गणित खरे कसे, असा आक्षेप येईल. कवडीचा कल एका बाजूला असतो हे मान्य. पण तो थोडा असेल तर मधली दानेच जास्त पडतात आणि त्याच कवड्या दोन्ही पक्षांच्या हातात असतात. दुसरा आक्षेप जुगाराचा, आणि तो महाभारताइतका जुना आहे. पण सभेत अनर्थ झाला तो पणामुळे. पैज काढून टाकली की उरते ती निखळ चुरस. डाव लांबतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे चारऐवजी दोनच सोंगट्या घेऊन खेळावे.

2022 साली पहिल्यांदा झालेल्या, पारंपरिक खेळांच्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्ये गेडी, भौंरा, बांटी, फुगडी असे 14 खेळ होते. पटावरचा एकही नव्हता. असे सामने पुन्हा भरले तर त्यात पचीसीला जागा मिळावी आणि रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाने पाडव्याला पटाचे सामने भरवावेत. वाचकहो, तोवर निदान यंदाच्या पाडव्याला घरी एक पट मांडाच.