जिंकूनही उसंत नाही

५ डिसेंबर २००९ रोजी अटलांटात अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने फ्लोरिडाला ३२-१३ असं हरवलं. त्याआधी फ्लोरिडाने ओळीने २२ सामने जिंकले होते. २००६ आणि २००८ अशा दोन हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक अर्बन मायर त्या रात्री घरी परतले आणि पहाटे छातीत कळा येऊन पलंगावरून खाली कोसळले. पत्नी शेली यांनी रुग्णवाहिका बोलावली. मायर तेव्हा अवघे ४५ वर्षांचे होते. पुढे दुखणं हृदयाचं नसून अन्ननलिकेचं निघालं, पण शरीर पार पिळून निघालं होतं. २६ डिसेंबरला त्यांनी राजीनामा जाहीर केला, दुसऱ्याच दिवशी तो फिरवून रजा घ्यायचं ठरवलं आणि आणखी एक हंगाम रेटून डिसेंबर २०१० मध्ये पद खरोखरच सोडलं.

एका पराभवाने माणूस इतका खचतो, असं कुणालाही वाटेल. मायर यांची हकिगत मात्र नेमकं उलट सांगते. जानेवारी २००९ मध्ये ओक्लाहोमाला हरवून दुसरं विजेतेपद मिळवल्यावर, बाहेर सहकारी जल्लोष करत असताना, हे गृहस्थ खोलीचं दार लावून पुढच्या वर्षीच्या खेळाडूंना फोन करत बसले होते. थकव्याची सुरुवात तिथे झाली होती. ज्या व्यवस्थेत जिंकल्यावर श्वास घ्यायलाही सवड नसते, तिथे यशच माणसाला मेटाकुटीला आणतं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या यशस्वी प्रशिक्षकांकडे पाहिलं की हे पुन्हा पुन्हा दिसतं.

हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकी खेळ. तिथे कॉलेजचा सामना म्हणजे काय प्रकरण असतं, हे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांवरून समजणार नाही. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर सुमारे ३३ हजार प्रेक्षक बसतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची क्षमता १,०७,६०१ आहे. ज्या मराठी घरांतली मुलं या विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बरला किंवा ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कोलंबसला शिकायला गेली आहेत, त्यांना सामन्याच्या शनिवारी अख्खं गाव कसं मैदानाकडे लोटतं हे ठाऊक असेल. दूरचित्रवाणीचे करार, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, विद्यापीठाची पत, सगळं त्या एका संघाभोवती फिरतं. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित सर्वाधिक पगार राज्यपालांना नव्हे, तर सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाला मिळतो. जॉर्जियाच्या कर्बी स्मार्ट यांचं वार्षिक मानधन २०२४ मध्ये सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरवर गेलं.

या पैशाच्या बदल्यात काय द्यावं लागतं, हे पाहायला हंगामातला एकच आठवडा पुरे. शनिवारी सामना. रविवारी सकाळी त्याचं चित्रीकरण मागे-पुढे करत प्रत्येक डावपेचात प्रत्येक खेळाडूने काय केलं याचे गुण मांडायचे. संध्याकाळपासून पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं चित्रीकरण सुरू. सोमवार ते गुरुवार बैठका, सराव, पुन्हा चित्रीकरण. शुक्रवारी प्रवास. या सगळ्याच्या फटींमध्ये देशभरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आपल्या संघात ओढण्यासाठी फोन आणि संदेश, त्यांच्या आईवडिलांची मनधरणी, देणगीदारांच्या भेटी, पत्रकार परिषदा. शिवाय शंभरेक तरुण मुलांची जबाबदारी असतेच: कुणी परीक्षेत अडकतं, कुणी पोलीस ठाण्यात. कॉलेज खेळांची नियामक संस्था, एनसीएए, खेळाडूंकडून हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करून घेऊ देत नाही. प्रशिक्षकाच्या तासांना असा कुठलाही बांध नाही. प्रतिस्पर्धी रात्री अकराला जागा असेल, तर आपण दहाला झोपायचं कसं, या एकाच विचाराने घाण्याला जुंपल्यासारखी माणसं फिरत राहतात.

हे दुखणं आजकालचं नाही. नोत्र दाम विद्यापीठाच्या फ्रँक लेही यांनी चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २४ ऑक्टोबर १९५३ रोजी जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला ते कोसळले. अवस्था अशी होती की कॅथलिक धर्मगुरूंनी त्यांच्यावर मरणासन्नांसाठीचे अंतिम विधी केले. ते वाचले, पण काही महिन्यांतच, वयाच्या ४५व्या वर्षी, पायउतार झाले. त्याच विद्यापीठात आरा पार्सेगियन यांनी १९६६ आणि १९७३ ची विजेतेपदं आणली आणि १९७४ च्या अखेरीस, वयाच्या ५१व्या वर्षी, शरीर आणि मन दोन्ही थकल्याचं सांगून ते निघाले. पुढे चार दशकांहून अधिक काळ ते जगले, पण पुन्हा कुठल्याही संघाचं प्रशिक्षकपद त्यांनी स्वीकारलं नाही.

मिशिगनचे बो शेंबेक्लर यांनी पहिल्याच हंगामात, नोव्हेंबर १९६९ मध्ये, अव्वल क्रमांकाच्या ओहायो स्टेटला २४-१२ असं लोळवलं. त्यानंतर काही आठवड्यांत, रोझ बोल सामन्याच्या तोंडावर, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ४०. चार दशकांनी, १८ सप्टेंबर २०१० च्या रात्री, मिशिगन स्टेटच्या मार्क डँटोनियो यांनी जादा वेळेत एक धाडसी हुलकावणी खेळून नोत्र दामला ३४-३१ असं हरवलं आणि काही तासांतच हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालय गाठलं. हृदयविकाराला अनेक कारणं असतात. त्याचा सगळा दोष धंद्यावर ढकलता येणार नाही. पण विजयानंतरही या माणसांच्या शरीराला विसावा मिळत नव्हता, एवढं तरी या दोन प्रसंगांतून दिसतं.

'बर्नआउट' हा शब्द अमेरिकी क्रीडाविश्वात रुळला, त्यात डिक व्हर्मील यांचा वाटा मोठा. यूसीएलए या कॉलेज संघाला रोझ बोल जिंकून दिल्यावर ते व्यावसायिक फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेले आणि कार्यालयातच झोपू लागले. जानेवारी १९८३ मध्ये आपण पूर्ण जळून गेलो आहोत असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि काम सोडलं. ते परतले थेट १९९७ मध्ये. जानेवारी २००० मध्ये त्यांच्या सेंट लुईस रॅम्सनी सुपर बोल जिंकला. विश्रांती घेतलेला माणूस बाद होत नाही, याचा याहून ठोस पुरावा शोधायची गरज नाही.

मग ही माणसं वेळीच थांबत का नाहीत? कारण कालचा विजय उद्याचं संरक्षण देत नाही. नेब्रास्काने २००३ मध्ये फ्रँक सोलिच यांना काढलं, तेव्हा त्या हंगामात संघाने नऊ सामने जिंकले होते आणि तीन गमावले होते. ऑबर्नच्या जीन चिझिक यांनी २०१० मध्ये एकही सामना न गमावता विजेतेपद आणलं. दोन वर्षांनी त्यांना नारळ मिळाला. एलएसयूचे एड ऑर्जरॉन २०१९ च्या हंगामात १५ पैकी १५ सामने जिंकले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्या गच्छंतीची घोषणा झाली. पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी खेळले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घरी गेले.

काढताना विद्यापीठं कराराची उरलेली रक्कम मोजतात आणि ती डोळे पांढरे करणारी असते. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना दूर केलं, तेव्हा देणं ७ कोटी ५० लाख डॉलरच्या वर होतं. एवढे पैसे मिळणाऱ्यांची कसली कीव करायची, हा प्रश्न रास्त आहे. पण ही रक्कम मुख्य प्रशिक्षकाची. त्याच्याइतकेच तास राबणाऱ्या कनिष्ठ सहायकांना असलं कवच नसतं. मुख्य प्रशिक्षक गेला की बहुतेकांचं बिऱ्हाड हलतं, मुलांच्या शाळा बदलतात. आणि घरातल्या रिकाम्या खुर्चीची भरपाई कुठल्याच करारात लिहिलेली नसते.

मायर यांच्या घरी ती लिहून घेतली गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये ओहायो स्टेटचं पद स्वीकारण्याआधी मुलगी निकीने गुलाबी कागदावर एक करार तयार केला आणि वडिलांची सही घेतली. कुटुंब आधी. रोज तीन वेळा जेवण. कार्यालयात नऊ तासांपेक्षा जास्त नाही. झोपताना फोन मुका. मुलींचे व्हॉलीबॉलचे सामने पाहायचे. देशातला एक नामांकित प्रशिक्षक दोन वेळ जेवतो की नाही याची काळजी पोरीला कागदावर उतरवावी लागते, यातच सगळं आलं. मायर यांनी तो कागद कार्यालयात लावला. २०१४ च्या हंगामाचं विजेतेपदही आलं. पण मेंदूतल्या एका गाठीमुळे डोकेदुखी वाढली, २०१८ मध्ये एका सहायकाचं प्रकरण नीट न हाताळल्याबद्दल तीन सामन्यांची बंदी आली आणि जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा निवृत्त झाले. सही करणारा एक माणूस बदलला तरी वेळापत्रक बदललं नव्हतं.

उलट ते आणखी भरत गेलं. २०१७ पासून शालेय खेळाडूंच्या करारांसाठी डिसेंबरमध्ये एक मुदत सुरू झाली. २०१८ पासून कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावं एका सामायिक यादीत येऊ लागली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करता येऊ लागली. खेळाडूंच्या दृष्टीने हा न्याय फार उशिरा मिळाला आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे हंगाम ऐन रंगात असताना नवे करार आणि जुन्यांची मनधरणी ही सगळी कामं एकाच महिन्यात, एकाच माणसाच्या अंगावर पडली.

वॉशिंग्टनचे ख्रिस पीटरसन डिसेंबर २०१९ मध्ये ५५व्या वर्षी बाजूला झाले. कामातला आनंद मागे पडून चिंताच वरचढ झाल्याचं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. सात विजेतेपदांचे मानकरी निक सेबन १० जानेवारी २०२४ रोजी ७२व्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा पूर्वीसारखे तास या वयात झेपत नाहीत, हेही त्यांनी दिलेलं एक कारण होतं. पुढच्याच महिन्यात चिप केली यांनी यूसीएलएचं मुख्य पद सोडून ओहायो स्टेटमध्ये सहायकाचं काम पत्करलं. कमी अधिकार आणि कमी डोकेदुखी त्यांनी स्वखुशीने निवडली.

सुधारणेची चिन्हं आहेत. स्टॅनफर्डने २०२४ च्या अखेरीस माजी खेळाडू अँड्र्यू लक यांना फुटबॉल विभागाचे महाव्यवस्थापक नेमलं. इतरत्रही भरती आणि पैशांचे व्यवहार प्रशिक्षकाकडून काढून अशा पदांकडे दिले जात आहेत. संघ बदलण्याच्या दोन मुदतींऐवजी २०२६ साठी जानेवारीत एकच ठेवण्यात आली. ही पावलं योग्य दिशेची आहेत, पण अपुरी आहेत. खेळाडूंसाठी २० तासांचा नियम करणाऱ्या एनसीएएने प्रशिक्षकांच्या कामालाही मर्यादा घालावी आणि वर्षातले काही आठवडे कुणीच भरतीचा फोन करणार नाही, असे सक्तीने बंद ठेवावेत. नियम सर्वांना सारखा असेल, तर दहाला झोपणाऱ्याचं काही नुकसान होणार नाही. एकेकट्या प्रशिक्षकाच्या निग्रहावर हे सोडलं, तर पुढचा लेही किंवा पुढचा मायर ठरलेलाच आहे.