कोयत्याची उचल

बदलत्या हवामानाशी साखर उद्योगाने जुळवून घ्यावे, असे सांगतात. मी विचारतो, कोणाच्या खर्चाने? २०२३ साली पावसाने दगा दिला. ऊस घटणार म्हणून केंद्राने डिसेंबरात रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. कारखानदारांनी ओरड केली, ती आठवडाभरात सैल झाली.

बीडच्या भूमिहीन कोयत्याची ओरड कोण ऐकतो? कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मजुरी टनावर, मुकादमाची उचल आगाऊ. ऊस कमी, तर हंगाम लवकर आटोपतो आणि न फिटलेली उचल पुढच्या साली मानेवर बसते.

तोडणीयंत्राला सरकारी अनुदान आहे. यंत्राला माझा विरोध नाही. वाकलेल्या पाठीचे आम्हाला कौतुक नको. पण यंत्र ज्या फडात शिरेल, तिथल्या जोड्यांची थकलेली उचल कारखान्याने फेडावी. आणि ते अनुदान आधी तोडणी मजुरांच्या सहकारी संस्थेला मिळावे.