खिळे जुळवणाऱ्या बाया

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून ते निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि शेवटी उद्घाटन झालं ते आमच्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हातून. सहगल प्रकरणावर रकाने भरभरून लिहिलं गेलं. मला मात्र तेव्हापासून केडगाव आठवत राहिलं. ज्या बाईला एरवी तहसील कचेरीत नवऱ्याचं मरण सरकारी मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ एवढंच ऐकवलं जातं, तिला एक दिवस माईक मिळाला हे चांगलंच झालं. पण दुसऱ्या दिवसापासून काय, या प्रश्नावर मराठी मुलखात सगळ्यात जास्त घाम गाळला तो पंडिता रमाबाईंनी, पुणे जिल्ह्यातल्या केडगावात.

१८८९ साली मुंबईत सामाजिक परिषद भरली होती. विधवांच्या केशवपनाचा विषय होता. रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या, तर सभेत गलका. त्या गप्प उभ्या राहिल्या. सगळं शांत झाल्यावर त्यांनी सुनावलं, की माझा आवाज बारीक आहे यात नवल नाही, तो मोठा करायची संधी तुम्ही बाईला दिलीत कधी? त्याच वर्षी ११ मार्चला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं होतं. उच्चवर्णीय विधवांना ठेवून घेऊन शिकवायचं, एवढंच काम. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथली एक विद्यार्थिनी गोदूबाई. तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं तेही ११ मार्चलाच, १८९३ साली.

त्याच १८९३मध्ये सदन धर्मांतराच्या वादात सापडलं. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतलेला. सदनात धर्म शिकवणार नाही असा शब्द होता, पण बाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या. रानडे, भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले, ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. लोकांचा संशय अगदीच बिनबुडाचा होता असं मला वाटत नाही. पुढं केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्तीच झाली. पण त्या आश्रयाला आलेल्या मुलींसाठी तेव्हा दुसरं दार किती उघडं होतं, हेही टीकाकारांनी सांगायला हवं होतं.

शिवाय ही बाई मिशनऱ्यांच्याही मुठीतली नव्हती. इंग्लंडातल्या पाद्र्यांनी सांगितलेली मतं त्या जशीच्या तशी गिळायला तयार नव्हत्या. भटजींचं जोखड उतरवून पाद्र्यांचं घ्यायला आपण आलो नाही, अशा अर्थाचं त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं होतं. १८९७च्या प्लेगात याची खरी परीक्षा झाली. पुण्याच्या प्लेग इस्पितळात आणि छावणीत बायकांची कशी आबाळ होते, आपल्या एका मुलीवर तिथं काय बेतलं, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात लिहिलं. सरकारही ख्रिस्ती आणि लिहिणारीही ख्रिस्ती. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत पोचलं. मुंबईच्या गव्हर्नरनी आरोप फेटाळला. बाईंनी शब्द मागे घेतला नाही.

त्याच सुमाराला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. पूर्वीच्या एका दुष्काळात रमाबाईंचे आईवडील उपासमारीनं गेले होते, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या स्वतः तिकडं गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगावला माळरान घेऊन ठेवलं होतं, तिथं तंबू, मग झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी आल्या. त्या सुमाराला केडगावच्या या ‘मुक्ती’ संस्थेत जवळपास दोन हजार माणसं राहत होती. आता जात विचारली जात नव्हती. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, आंधळ्यांसाठी बार्तीमय सदन. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली आणि आंधळ्या मुली बोटांनी वाचू लागल्या.

बार्तीमय हा शुभवर्तमानातला आंधळा भिकारी. रस्त्याकडेला बसून येशूला हाक मारतो, लोक त्याला गप्प बस म्हणतात, तर तो आणखी मोठ्यानं ओरडतो. १९५३पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी आमच्या यवतमाळात होती, १९८३मध्ये ती पुण्याला गेली. तीस वर्षं इथं पाद्री घडले, त्यांना ही गोष्ट तोंडपाठ असणारच. केडगावला या गोष्टीवरून एका इमारतीला नाव मिळालं आणि त्या इमारतीत काम सुरू झालं.

काम म्हणजे खरंच काम. विणकाम, शिवण, दूधदुभतं, शेती, तेलघाणा आणि छापखाना. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो छापखाना. देवनागरीचे खिळे जुळवणं म्हणजे खेळ नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, प्रत्येकाचा खिळा वेगळा, त्याचं केसमधलं घर वेगळं. अक्षर उलटं दिसतं, ते सुलट ओळखायचं, एकेक उचलून स्टिकमध्ये बसवायचं, ओळ भरली की गॅलीत सरकवायची. आदल्या दुष्काळात जिला अक्षरओळख नव्हती ती हे करू लागली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून सोप्या मराठीत बायबल उतरवलं आणि त्याचे खिळे या बायांनीच जुळवले. मनोरमा १९२१ साली गेली. भाषांतर पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४मध्ये छापून पूर्ण झाला.

त्या भाषांतराची मराठी मला काही ठिकाणी खडबडीत वाटते. हिंदू धर्माचा वास येणारे शब्द टाळण्याचा बाईंचा हट्ट भाषेला महागात पडलाय. तो वाद पंडितांनी घालावा. बायकांनी जुळवलेलं, बायकांनी छापलेलं एवढं मोठं पुस्तक त्या काळात दुसरं कुठलं होतं, ते मात्र मला कुणी दाखवावं.

आज शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ते मिळालेच पाहिजेत. पण त्यानंतर फाइल बंद होते, आणि बाईचं पुढचं आयुष्य त्या फाइलीत नसतं. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. मंदिराच्या ट्रस्टनं, चर्चनं, बचत गटांच्या फेडरेशननं, कुणीही पुढं यावं आणि निदान एका तालुक्यात राहायला खोल्या, मुलांना शाळा आणि बायांच्या हाताला पक्कं कसब देणारं एक ठिकाण उभं करावं. कसं करायचं हे बघायचं असेल तर केडगाव पुण्याहून रेल्वेनं जवळ आहे, आणि मुक्ती मिशन अजून चालू आहे.