पाच टक्के, पण कशावर?

पहिलं क्रेडिट कार्ड घेणाऱ्याला कॅशबॅकचं कार्ड हवंसं वाटतं, आणि ते योग्यच आहे. पॉइंट जमवायचे, ते संपायच्या आत वापरायचे, एका पॉइंटचे किती पैसे धरले आहेत हे शोधायचं, या खटाटोपापेक्षा खर्चातले काही रुपये थेट बिलातून वजा होणं केव्हाही सोपं. पण या सोप्या गोष्टीभोवती चुकीच्या समजुती बऱ्याच आहेत. मॉलमध्ये टेबल मांडून अर्ज भरून घेणारे प्रतिनिधी त्या दूर करत नाहीत. म्हणून अर्जावर सही करण्याआधी त्या एकेक तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज: कॅशबॅक ही बँकेची भेट आहे

तुम्ही दुकानात कार्ड वापरून १०० रुपये दिलेत, तर दुकानदाराच्या खात्यात पूर्ण १०० जमा होत नाहीत. साधारण दीड-दोन रुपये व्यवहाराचं शुल्क म्हणून कापले जातात. त्यातला मोठा वाटा तुमचं कार्ड ज्या बँकेचं आहे तिला मिळतो आणि त्यातलाच काही भाग ती तुम्हाला परत देते. एखाद्या शॉपिंग साइटच्या नावाचं कार्ड असेल तर ती साइटही स्वतःच्या जाहिरातीच्या खर्चातून भर घालते. याशिवाय बँकेला मोठं उत्पन्न मिळतं ते बिल थकवणाऱ्यांच्या व्याजातून.

हे गणित लक्षात आलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून असं शुल्क घेता येत नाही. म्हणूनच तिथे नियमित कॅशबॅक जवळजवळ दिसत नाही, जे मिळतं ते मोहिमेपुरतं. पेट्रोल पंप, सरकारी भरणा, विमा, वीजबिल या ठिकाणी बँकेला उरणारा हिस्सा कमी असतो, म्हणून बहुतेक कार्डांनी हे खर्च कॅशबॅकमधून वगळले आहेत.

गैरसमज: ५ टक्के म्हणजे सगळ्या खर्चावर ५ टक्के

सगळ्यात जास्त निराशा या समजुतीमुळे होते, म्हणून इथे जरा थांबू.

प्रत्येक दुकानाला किंवा साइटला कार्डव्यवस्थेत चार आकडी वर्ग-क्रमांक दिलेला असतो. ५४११ म्हणजे किराणा आणि सुपरमार्केट, ५५४१ म्हणजे पेट्रोल पंप, ५९४४ म्हणजे दागिन्यांचं दुकान. तुम्ही नेमकं काय विकत घेतलंत हे बँक पाहत नाही, ती हा क्रमांक पाहते. मॉलमधल्या सुपरमार्केटमधून चप्पल घेतली तरी व्यवहार किराण्याचाच धरला जातो. कार्डाच्या अटींमध्ये वगळलेल्या खर्चांची यादी असते. तीत बहुधा इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, दागिने, विमा, शाळा-कॉलेजची फी, वीज-पाण्याची बिलं आणि हप्त्यांवर केलेली खरेदी येते. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याआधी ही यादी वाचावी. त्या आकड्यालाही दर महिन्याची कमाल मर्यादा असते, तीही पाहावी.

आता एक हिशेब करू. पुण्यात नुकती नोकरीला लागलेली एखादी मुलगी आहे असं धरा. महिन्याला घरभाडं १२,००० रुपये, पेट्रोल २,०००, वीजबिल १,०००, सुपरमार्केटमधलं सामान ५,०००, ऑनलाइन खरेदी ४,००० आणि ॲपवरून मागवलेलं जेवण १,५००. एकूण खर्च २५,५०० रुपये. वरवर पाहता ५ टक्क्यांनी पावणेतेराशे रुपये सुटायला हवेत.

प्रत्यक्षात काय होईल? स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या ‘कॅशबॅक’ कार्डाची रचना नमुना म्हणून घेऊ: ऑनलाइन खर्चावर ५ टक्के, दुकानातल्या खर्चावर १ टक्का, वार्षिक फी ९९९ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, वर्षाला २ लाख खर्च झाला तर फी माफ. भाडं, पेट्रोल आणि वीज बाजूला निघाले. उरलेल्या ५,५०० रुपयांच्या ऑनलाइन खर्चावर २७५ रुपये आणि सुपरमार्केटच्या ५,००० वर ५० रुपये, म्हणजे महिन्याला ३२५ आणि वर्षाला ३,९०० रुपये. फी व जीएसटी मिळून सुमारे १,१७९ रुपये वजा केले की हाती २,७२१ राहतात. ज्या फुकट कार्डावर ऑनलाइन आणि दुकानात सरसकट १ टक्का मिळतो, त्यावर याच खर्चाचे वर्षाला १,२६० रुपये होतात. म्हणजे या मुलीला फी भरूनही पहिलं कार्ड फायद्याचं आहे.

पण तिची धाकटी बहीण महिन्याला फक्त हजार रुपयांचंच ऑनलाइन घेते, जेवण घरीच करते आणि सुपरमार्केटमध्ये तेवढेच ५,००० खर्च करते, असं समजा. तिला त्याच कार्डावर वर्षाला १,२०० रुपये मिळतील आणि फी जाऊन २१ रुपये उरतील. फुकटचं १ टक्क्याचं कार्ड तिला ७२० रुपये देईल. कार्ड तेच, पण सवयी वेगळ्या, म्हणून उत्तरही वेगळं. मित्राला जे कार्ड मानवलं ते तुम्हालाही मानवेल याची खात्री नाही ती याच कारणाने.

म्हणून पहिलं काम बँकेच्या साइटवर जाणं नाही. गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास उघडा. खर्चाचे चार ढीग करा: ऑनलाइन, दुकानात, वगळला जाणारा आणि जिथे कार्ड चालतच नाही असा. वरचे गुणाकार पहिल्या दोन ढिगांवर करायचे. अटी वरचेवर बदलतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी बँकेच्या स्वतःच्या पानावरच्या ताज्या अटी वाचा. वर्ष-दोन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ यासाठी कामाचे नाहीत.

गैरसमज: ‘लाइफटाइम फ्री’ म्हणजे काहीच लागत नाही

फुकट असते ती फक्त वार्षिक फी. व्याज, उशीर झाल्याचा दंड, परदेशी चलनातल्या खर्चावरचा अधिभार, हप्ते बांधून घेण्याची फी हे सगळं लागू राहतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटीही लागतो. कार्डाने एटीएममधून पैसे काढणं तर सर्वांत महाग पडतं. काढताच शुल्क लागतं, त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं आणि कॅशबॅक शून्य. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांतही व्याज असतंच, तेवढी सूट आधी दिलेली असते. त्या व्याजावरचा जीएसटी मात्र तुमच्याच खिशातून जातो.

तरीही नवख्या माणसाने पहिलं कार्ड विनाफीचं घ्यावं असंच मी सांगेन. पहिल्या वर्षी आपण किती आणि कशावर खर्च करू याचा अंदाज चुकतो. फी नसेल तर त्या चुकीचं मोल द्यावं लागत नाही. आणि कॅशबॅक थेट बिलात वळता होणारा असावा. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक फी नाही आणि ते नवख्यांमध्ये लोकप्रिय आहे, पण त्याचा परतावा ॲमेझॉन पेच्या शिलकीत येतो. तिथे नेहमी खरेदी करणाऱ्याला हे सोयीचं आहे. ज्याला बिलच कमी व्हायला हवंय, त्याने हा फरक आधी जाणून घ्यावा.

गैरसमज: मिनिमम ड्यू भरलं की व्याज लागत नाही

बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम साधारण एकूणच्या ५ टक्के असते. तेवढी भरली तर उशिराचा दंड वाचतो आणि खातं थकीत ठरत नाही. पण व्याज लागतंच, आणि ते बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त असतं.

समजा १ जूनला २०,००० रुपयांची खरेदी केली. ३० जूनला बिल आलं, भरायची मुदत २० जुलै. तुम्ही त्या दिवशी १,००० भरलेत. व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरू. इथे व्याज उरलेल्या १९,००० वर २० जुलैपासून लागत नाही. ते पूर्ण २०,००० वर १ जूनपासून लागतं. ३० जुलैच्या पुढच्या बिलात व्याज आणि जीएसटी मिळून सुमारे १,५९० रुपये येतात. ती सगळी खरेदी ५ टक्क्यांची असती तरी कॅशबॅक १,००० रुपयेच झाला असता. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासूनच व्याज सुरू होतं.

हा दर कायद्याने कमी करून मिळेल अशी आशाही आता धरता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला.

यावर एक साधा उपाय आहे. कार्ड हाती येताच बचत खात्यातून ऑटो-डेबिट लावा आणि तिथे ‘एकूण देय रक्कम’ हाच पर्याय निवडा. अनेकदा फॉर्ममध्ये ‘किमान’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो, तो बदला. बिलाची तारीख पगाराच्या तारखेशी जुळत नसेल तर ती बदलून घेण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी तुम्हाला दिला आहे. एखाद्या महिन्यात पैसे एक-दोन दिवस उशिरा पोहोचले तरी घाबरू नका. मुदतीनंतर तीन दिवसांहून अधिक काळ थकल्याशिवाय बँकेला उशिराचा दंड लावता येत नाही आणि तुम्हाला थकबाकीदार म्हणून कळवताही येत नाही. व्याज मात्र त्या दिवसांचंही लागू शकतं.

ज्याला महिन्याचं बिल पूर्ण भरणं जमणार नाही असं आत्ताच वाटतंय, त्याने यंदा कॅशबॅक कार्ड घेऊ नये. यूपीआय आणि डेबिट कार्डावर त्याचं छान चालतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

गैरसमज: थोडी बाकी ठेवली की सिबिल सुधारतो

हा समज विशेष नुकसान करतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. बाकी ठेवल्याने सिबिलचे, म्हणजे तुमची पत दाखवणारे, गुण वाढत नाहीत. वाढतं ते फक्त बँकेचं व्याज. ३०० ते ९०० या पट्टीवर गुण ठरतात ते वेळेवर भरणा, एकूण मर्यादेपैकी किती वापरता, खाती किती जुनी आहेत आणि थोड्या काळात किती अर्ज केलेत यांवरून. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो नियम नाही, पण सवय म्हणून चांगला आहे. मर्यादा वाढवून देण्याआधी बँकेला तुमची स्पष्ट संमती घ्यावी लागते.

स्वतःचा पत-अहवाल पाहिल्याने गुण घटतात, ही भीतीही निराधार आहे. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांना प्रत्येकाला वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. गुणांवर परिणाम होतो तो एकाच आठवड्यात चार बँकांकडे अर्ज टाकल्याने. एका वेळी एकच अर्ज करा.

गैरसमज: पगाराची स्लिप नसेल तर कार्ड नाही

मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड यासाठीच असतं. विद्यार्थी, गृहिणी, छोटा व्यवसाय करणारे यांनी बँकेत ठेव ठेवायची. त्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांइतकी कार्डाची मर्यादा मिळते, ठेवीवर व्याज चालूच राहतं, पण कार्ड सुरू असेपर्यंत ती मोडता येत नाही. कॅशबॅक इथे बेताचाच असतो. खरा लाभ असा की वर्षभर वेळेवर बिलं भरली की तुमच्या नावावर पत-इतिहास उभा राहतो.

गैरसमज: यूपीआयला जोडलं की प्रत्येक क्यूआरवर कॅशबॅक

सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. पैसे फक्त व्यापाऱ्याच्या क्यूआरवर जातात, भावाच्या किंवा मैत्रिणीच्या खात्यात नाहीत. छोट्या दुकानदारांकडून २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क घेतलं जात नाही. शुल्कच नाही म्हटल्यावर बँकेकडे वाटायला फारसं काही उरत नाही. त्यामुळे अनेक कार्डांवर यूपीआयचा दर वेगळा आणि कमी असतो. टपरीवरचा रोजचा खर्च हिशेबात धरण्याआधी तो दर पाहा.

गैरसमज: एकदा घेतलं की कार्ड बंद होत नाही

बंद होतं, आणि त्यासाठी मुदत ठरलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, काही बाकी नसेल तर बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावा लागतो. तसं झालं नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. न मागता कार्ड पाठवून त्याचं बिल लावलं, तर बँकेला ती रक्कम मागे घ्यावी लागते आणि वर तिच्या दुप्पट दंड द्यावा लागतो. बंद करण्याआधी शिल्लक कॅशबॅक बिलात वळता करून घ्या, त्या कार्डावर चालणारी ओटीटी आणि मोबाइलची वर्गणी दुसरीकडे हलवा, आणि अर्ज ईमेलने किंवा ॲपवरून लेखी करा, म्हणजे तारीख आणि तक्रार क्रमांक हाती राहतो. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.