गाण्याचे चित्र आणि चित्रातला माणूस

संगीतचित्रफीत म्हणजे गाण्याची जाहिरात, असे म्हणून आपले अभ्यासक तिच्याकडे पाठ फिरवतात. परंतु जिचा तरुण मनावर एवढा प्रभाव आहे, तिची भाषा समजून घेतलीच पाहिजे. तिचे संकेत ठरलेले आहेत. गायक ध्वनिमुद्रित गाण्यावर केवळ ओठ हलवतो. त्याचा चेहरा पुनःपुन्हा जवळून दिसतो, कारण विकायचा असतो तो चेहराच. दृश्ये तालाच्या ठोक्यावर तोडली जातात. मधूनमधून एखादी कथा तुकड्यांनी येते. ती अपुरी राहिली तरी चालते, कारण सलगता गाणेच पुरवते.

खरा प्रश्न, चेहरा कोणाचा दिसणार, हा आहे. अमेरिकेत १९८१ साली सुरू झालेल्या एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलावंत क्वचितच दिसत. १९८३ मध्ये मायकेल जॅक्सनच्या 'बिली जीन'ने ही कोंडी फुटू लागली. त्या चित्रफितीत त्याच्या पावलाखालची फरशी उजळते. पाळत ठेवणाऱ्याच्या छायाचित्रात मात्र तो उमटतच नाही!

२०१८ च्या 'धिस इज अमेरिका'त चाइल्डिश गॅम्बिनो पुढे नाचतो आणि मागे पळापळ, हिंसाचार चालू असतो. दिग्दर्शक हिरो मुराई दृश्य लवकर तोडत नाही. आपली नजर नाचावर खिळते आणि मागची माणसे निसटतात. जुना संकेत येथे प्रेक्षकावरच उलटवला आहे.

भीमगीतांच्या चित्रफिती काढणाऱ्या आपल्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. कोणाला पुढे आणायचे आणि कोणाला धूसर ठेवायचे, हा निर्णय कॅमेऱ्याचा नसतो. तो माणसाचा असतो.