स्कोपचं गिऱ्हाईक

सकाळी 6.25
चापडगावच्या पक्षी अभयारण्याच्या फाटकाशी अजून अंधार आहे. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, इथं तो थेट कानाला लागतो. गाईड भाऊंची मोटारसायकल येते. मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेला स्कोप, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलेला. गाडी स्टँडवर लावायच्या आधी स्कोप उतरतो, मग कानटोपी नीट होते.

स्कोप त्यांचा स्वतःचा. नाशिकच्या एका हौशी माणसाकडून जुना घेतला, अठरा हजारांना, दोन हप्त्यांत. तिवईच्या एका पायाची पकड तुटली आहे. तिथंही ट्यूबचीच पट्टी, सात-आठ वेढे. "कंपनीची पकड मागवली तर दीड हजार सांगतात," भाऊ म्हणतात. "हिला पाच रुपये बी लागले नाही."

टपरीवाला अजून रॉकेलच्या डब्यात काटक्या पेटवतोय. चहा दहा रुपये. भाऊ अर्धाच पितात. पोट भरलं की तासभर एका जागी उभं राहता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

6.55
पहिली गाडी. नाशिकहून नवरा-बायको आणि आठेक वर्षांची मुलगी. खिडकीवर पावती फाडली जाते. काच पुरती खाली व्हायच्या आत साहेब विचारतात, "फ्लेमिंगो आहेत का?"

"आज नाही सर. बाकी पुष्कळ आहे."

दिवसभरात हा प्रश्न प्रत्येक गाडी विचारणार आहे आणि भाऊ हेच उत्तर देणार आहेत. रोहित इथं येतो, पण पाणी आणि चिखल त्याच्या मापाचा असेल तेव्हाच. लोकांना तो रोज हवा असतो.

7.15
ऊन फुटतं. उसाच्या बाजूनं पायवाट, मग बांध, मग एकदम उघडं पाणी. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात त्याच्या खाली इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे. शंभराहून जास्त वर्षं त्याच्या पोटात गाळ साठतोय. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच. पण त्याच गाळाची बेटं झाली, पाणी उथळ झालं, पाणकणीस माजलं आणि पाखरं आली. 1986 साली अभयारण्य झालं. 2020 च्या जानेवारीत रामसरच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. फलकावर सलीम अलींचं 'महाराष्ट्राचं भरतपूर' आहेच. भाऊंनी भरतपूर पाहिलेलं नाही. भरतपूरच्या गाईडनंही चापडगाव पाहिलं नसणार, तेव्हा फिटंफाट.

भाऊ तिवई रोवतात. आधी मागचे दोन पाय, मग पुढचा, मग टाचेनं माती दाबायची. सदऱ्याच्या आतल्या खिशातून सुती फडकं निघतं. थंडीत काचेवर वाफ धरते. ती तोंडानं फुंकायची नाही, फडक्यानं नुसती टिपायची. मग एक डोळा मिटून स्कोप डावीकडून उजवीकडे फिरतो, शेतावर नजर टाकावी तसा, एकाच संथ गतीनं.

"या ताई, बघा. हलवू नका फक्त."

मुलीचा डोळा पोचत नाही. भाऊ बांधाखाली जातात, एक रिकामं क्रेट आणतात, द्राक्षाचं. ते गेल्या हंगामापासून तिथं झुडपात ठेवलेलं आहे, याच कामासाठी.

मुलगी बघते आणि ओरडते, "याची चोच चपटी आहे! हा गोल गोल फिरतोय!"

थापट्या. फावड्यासारखी रुंद चोच पाण्याला टेकवून तीन-चार जण एकामागे एक गिरक्या घेतायत. पायांनी पाणी ढवळून निघतं, खालचं बारीकसारीक वर येतं, ते चोचीच्या कडांच्या चाळणीत अडकतं. डोकं वर काढायला सवड नाही. पलीकडे तलवार बदकं, सुईसारख्या शेपटीची. ही पार उत्तरेकडून, हिमालय ओलांडून आलेली. हळदीकुंकू बदकं इथलीच. जांभळ्या पाणकोंबड्या पाणकणसात चालतायत. देठ उपटून एका पायात धरतात आणि सोलून खातात.

8.05
उजवीकडे अचानक हालचाल. तासाभरापासून पाण्यावर विस्कटून पसरलेले काळे वारकरी पक्षी झपाट्यानं जवळ येतात, अंगाला अंग लावून, सगळा मिळून एक काळा गठ्ठा. भाऊ वर बघतही नाहीत. "भोवत्या आला," म्हणतात आणि मग स्कोप उचलतात. खरंच, पाणकणसावरून दलदली भोवत्या खालून येतोय, पंख किंचित वर धरलेले. तो गठ्ठ्यावरून एकदा जातो, परत येतो. एकट्या पडलेल्यावर त्याचा डोळा. एकटा कुणी नाही. निघून जातो.

वारकरी पुन्हा पसरतात. साहेब मोबाइलवर काढलेलं दाखवतात. आभाळात एक ठिपका.

9.10
दुसरा गट. तिघं जण, तिघांकडे हातभर लांब लेन्सा, अंगात पानाफांद्यांच्या छापाचे शर्ट. यांना स्कोप नको. यांना उडतानाचा फोटो हवा.

"दादा, जरा टाळी वाजवा ना. एकदाच."

"नाही सर."

"अहो, एकदाच."

"ते आत्ता खातायत. उठवलं की चक्कर मारण्यात सगळं जातं. आपण थांबू, भोवत्या उठवेल."

हे ते चढ्या आवाजात सांगत नाहीत. एक जण खडा उचलतो तेव्हा मात्र भाऊ लेन्सच्या समोर जाऊन उभे राहतात आणि तंबाखूची पुडी काढतात. तिथंच उभ्यानं मळतात. बराच वेळ मळतात. खडा खाली पडतो.

11.30
ऊन वर आलं. पाण्यावरची हवा थरथरते, स्कोपमधून सगळं वितळल्यासारखं दिसतं. या वेळी माणसं आणायची नाहीत, पैसे वाया जातात त्यांचे, असं भाऊ म्हणतात. तरी एक गाडी येते. स्पीकर लावलेला. भाऊ फाटकाशीच तो बंद करायला लावतात, अर्ध्या तासात त्यांना मनोरा दाखवून आणतात.

12.45
फडक्यात दोन बाजरीच्या भाकरी, वांगं, मिरचीचा ठेचा. चिंचेखाली बसणं. रात्री झोप झालेली नाही. या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची आहे. बारा वाजता मोटार चालू करायला गेले, शेजाऱ्याला सोबत घेऊन. उसात बिबट्या आहे. गेल्या पंधरवड्यात वासरू नेलं. मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावायची, बॅटरी फिरवत राहायची आणि सरीला पाणी द्यायचं. परत आले तेव्हा साडेतीन.

घरी आज उन्हाळ कांद्याची लागण चालू आहे. पाच बाया, वाफ्यात उकिडव्या. रोज साडेतीनशे. उक्तं द्यायला गेलं तर एकरी बारा-तेरा हजार मागतात. भाऊंचा अर्धाच एकर, म्हणून रोजावर. बायको त्यांच्यात बसलेली, तिचा रोज कुणी धरत नाही.

कांद्याला भाव काय निघेल? भाऊ हसतात. लासलगावला विचारा.

भाकरी संपते. गोणपाटावर आडवे होतात, स्कोपचा पट्टा मनगटाला गुंडाळून. लगेच घोरायला लागतात.

2.30
दुपार रिकामी. भाऊ काठाशी उतरतात. चिखलात एक बाभळीची काठी रोवलेली आहे, तिच्यावर विळ्यानं पाडलेल्या खाचा. खाच ही त्यांची, पाटबंधारे खात्याची नाही. पाणी कालपेक्षा चार बोटं खाली.

"आवर्तन सुटलं."

वर दारणा आणि गंगापूर ही धरणं. तिथून येणारं पाणी इथं अडतं आणि इथून डाव्या-उजव्या कालव्यांनी येवला, कोपरगाव, राहात्याकडे जातं. कालव्याचं दार उघडलं की इथं काठ सरकतो. दोन-चार दिवसांत हा चिखल उघडा पडेल. मग शेकाटे येतील, तुतवार येतील, उघड्या चोचीचे करकोचे गोगलगायी शोधत फिरतील. बदकं मात्र पाण्याबरोबर आत सरकतील.

"पाणी जवळ असलं की लोकांना नुसत्या डोळ्यानं दिसतं. मग कोण स्कोप मागतो?" भाऊ काठीवर नवी खाच पाडतात. "पाणी लांब गेलं की स्कोपला गिऱ्हाईक."

आणि फारच लांब गेलं तर?

"मग पाखरं बी नाही, कांद्याला पाणी बी नाही. विहीर याच्याच पाझरावर आहे ना."

काठाला जलपर्णीचा हिरवा पट्टा चिकटलेला आहे, वरून नदीबरोबर वाहून आलेला. दोन बायका गवताचे भारे कापून निघाल्यात. एका भाऱ्याखालून एक कमळपक्षी लांब बोटं टाकत पळतो. त्यांना त्याचं काही नाही, त्यालाही त्यांचं फारसं नाही.

4.40
शेवटचा गट. निवृत्त मास्तर आणि त्यांचे दोन मित्र. हातात वही, फ्लेमिंगोबद्दल विचारतात पण दुसऱ्यांदा नाही. यांच्याबरोबर भाऊ वेगळेच होतात. कमी बोलतात. स्कोप लावून बाजूला होतात आणि समोरच्याला स्वतः शोधू देतात. मास्तर एका बदकाला गडवाल म्हणतात. भाऊ नुसतं म्हणतात, "चोच बघा सर." मास्तर पुन्हा बघतात, खोडतात.

किती असतील हो ही, मास्तर विचारतात. भाऊंची रीत अशी. स्कोपच्या गोलात मावतील तेवढी एकदा खरोखर मोजायची. मग गोलामागून गोल सरकवत जायचं आणि किती गोल झाले ते बोटांच्या पेरांवर धरायचं. दाट जागी वाढवायचं, विरळ जागी कमी करायचं. वनखात्याची पक्षीगणना असते तेव्हा असंच चालतं. सकाळपासून शंभरदा वाकलेली मान इथं खरी दुखते. मोजताना मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून.

"या एवढ्या भागात अडीच हजार धरा. वारकरी सोडून."

6.20
सूर्य उसामागे गेलाय. बगळे झाडावर येतायत, वर शराटींची एक रांग. मास्तरांची गाडी निघते. भाऊ स्कोप पुसतात, दोन्ही टोकांना टोपणं लावतात, गोणपाटात गुंडाळतात. क्रेट परत झुडपात.

आज चार गट. बाराशे रुपये. त्यातले पाचशे मोबाइलवर आले, हातात सातशे. शंभरचं पेट्रोल टाकावं लागणार, सोमवारी टाकू म्हणतात. टपरीची सकाळची आणि दुपारची उधारी वीस, तेवढी देतात.

7.05
घर. ओट्यावर पाच बाया बसल्यात, हातपाय धुऊन, विळे पदराला पुसून. सतराशे पन्नास द्यायचे. भाऊंच्या खिशात सहाशे ऐंशी. बायकोनं डब्यातून नऊशे काढून आधीच पुढ्यात ठेवलेत.

"मोबाइलवर पाचशे आहेत," भाऊ म्हणतात.

"ते आम्हाला काय करायचे भाऊ," मुकादमीण म्हणते. "किराणावाला रोख मागतो."

बायको पुन्हा आत जाते, वीस रुपये घेऊन येते. झाले सोळाशे. नोटा पाच जणींत वाटल्या जातात, मुकादमीण स्वतःच्या वाट्यातले दीडशे कमी घेते.

"उद्या देतो आक्का, रविवार आहे. गाड्या जास्ती येतील."

"पहाटे बांधावरून जाताना दे," मुकादमीण म्हणते आणि चप्पल घालते. "अन् तुझ्या वरच्या वाफ्याला पाणी कमी पडलंय. रात्री आधी तिकडं धर."

बारा वाजायला पाच तास आहेत. भाऊ चार्जिंगला बॅटरी लावतात, मग जेवायला बसतात.