चौदा दिवसांची चाळिशी

२०२० चा उन्हाळा आठवतो? घुग्घुसपासून गडचिरोलीपर्यंत ओट्याओट्यावर एकच बोलणं : ‘मिरची तोडाले तेलंगणात गेल्ता, आता शाळेत कोरोंटाईन हाय.’ कोरोना आणि क्वारंटाईन यांचं लोकांनी जिभेवरच लग्न लावून टाकलं होतं!

या शब्दाची साल काढली तर आत काय निघतं? एक साधा आकडा. तोही आपल्याच नात्यातला!

चौदाव्या शतकात प्लेगने युरोपातली गावंच्या गावं ओस पाडली. तेव्हा रागुसा या बंदराने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोवनिकने, १३७७ मध्ये कायदा केला : प्लेगच्या मुलखातून आलात? आधी तीस दिवस बाहेर थांबा, मग वेशीत या. रोग जंतूंमुळे होतात हे कळायला अजून पाचशे वर्षं लागणार होती. तरी धडधाकट दिसणारा माणूसही आजार घेऊन येतो, हे त्यांनी हेरलं!

पुढे तिसाचे चाळीस झाले. येशूचा उपास चाळीस दिवसांचा, नोहाच्या काळचा पाऊसही चाळीस दिवसांचा. त्या लोकांना हा आकडा शुद्धीचाच वाटे. इटालियनमध्ये चाळीस म्हणजे ‘क्वारांता’. त्यावरून व्हेनिसच्या बोलीतून आलं क्वारंटाईन.

आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उतरला आणि पुढे खेडोपाडी पसरला. घरात उंदीर पडू लागले की लोक बिऱ्हाड उचलून शेतात झोपड्या बांधत. इथे गावच वेशीबाहेर! प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं. पिसवांचं कोडं न सुटताही लोकांनी नेमकी उंदरांशीच फारकत घेतली होती.

आता नात्याची गोष्ट. लॅटिन ‘क्वाद्रागिंता’ आणि संस्कृत ‘चत्वारिंशत्’ हे एकाच मुळाचे फुटवे. पहिल्याचं झालं क्वारांता, दुसऱ्याचं चाळीस. म्हणजे चाळीस चौपायांची हनुमान चालिसा, आजोबांच्या नाकावरची चाळिशी आणि शाळेतलं ते कोरोंटाईन, सगळी चुलत भावंडं!

पण शाळेत मुक्काम किती दिवसांचा होता? चौदा. नाव चाळिसाचं आणि हिशेब चौदाचा! मग नातं तुटलं का? चौदा जरा फोडून बघा : चतुर्दश. दिवस घटले, पण त्यातला ‘चार’ जागचा हललेला नाही!